भिंतीवरचा वाघ आणि विष्णुपंत छत्रे

सर्कशीची जुनी भित्तिपत्रके आज संग्राहकांच्या हौसेची वस्तू झाली आहेत. परंतु जबडा वासलेले वाघ आणि झुल्यावरून झेपावणाऱ्या कसरतपटूंची ती चित्रे गावोगावच्या भिंतींवर झळकत, तेव्हा ती एका नव्या अर्थव्यवहाराची द्वाही फिरवीत असत. कलावंताने संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर तिकीट काढणाऱ्या अनोळखी प्रेक्षकावर विसंबावे, असा तो व्यवहार होता. नाटकापुरती ही वाट विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये मुंबईत चोखाळली होती. सर्कशीसाठी ती विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांनी खुली केली.

सांगलीजवळचे अंकलखोप हे विष्णुपंतांचे गाव. अश्वविद्या आणि गायन या दोन ओढींनी त्यांना ग्वाल्हेरला नेले. तेथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्यापाशी घोडे शिकविण्याची विद्या आणि हद्दूखाँ यांच्यापाशी गाणे संपादन केले. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे अश्वशिक्षक म्हणून त्यांना स्थैर्य लाभले. सामान्य माणूस तेथेच समाधान मानून राहिला असता.

१८७९ मध्ये जुझेप्पे कियारीनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. हिंदी माणसाला सर्कस उभारण्यास अद्याप अवकाश आहे, अशा आशयाचे उद्गार कियारीनी यांनी काढले व विष्णुपंतांनी ते आव्हान मानले, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो. २० मार्च १८८० रोजी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला आणि भारतीय सर्कशीचा जन्म झाला, एवढे निर्विवाद आहे.

या धंद्यातील जोखीम ध्यानात घेतली पाहिजे. खेळ होवो वा न होवो, जनावरांचा चारा, माणसांचे पगार आणि प्रवासाचा खर्च चुकत नाही. शिवाय प्रत्येक मुक्कामी गिऱ्हाईक नवे. सर्कशीच्या व्यवसायात भित्तिपत्रकाला भांडवलाइतके महत्त्व आले, ते याच कारणाने. पाश्चात्त्य सर्कशींनी हे तंत्र पूर्णत्वास नेले होते. शिळाछापावर रंगागणिक निराळा दगड वापरून एकच चित्र घाऊक छापून घ्यावयाचे आणि गावाचे नाव व तारीख यांची पट्टी मागाहून जोडावयाची, म्हणजे प्रतीमागचा खर्च उतरत असे. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र कळे. तंबू येण्यापूर्वीच मागणी निर्माण करण्याचे हे साधन होते.

विष्णुपंतांची सर्कस सिलोनपर्यंत फिरली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस ती मलबारात तेल्लिचेरीस पोहोचली, तेव्हा कळरीविद्येचे गुरू कीलेरी कुंञिकण्णन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. कुंञिकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम अंगावर घेतले, १९०१ मध्ये शिक्षणशाळा काढली आणि केरळ सर्कशीचे माहेरघर बनले. मिळकतीचा विनियोगही विष्णुपंतांनी रसिकतेने केला. चित्तभ्रमाने काशीत भटकणाऱ्या रहिमतखाँ या आपल्या गुरुपुत्राला त्यांनी सर्कशीबरोबर आणून सांभाळले. महाराष्ट्राला त्या अलौकिक गायकाचे गाणे ऐकावयास मिळाले, त्यामागे तंबूच्या दाराशी जमलेल्या पैशांचे पाठबळ होते.

विष्णुपंत १९०५ मध्ये निवर्तले. त्यांनी उभारलेल्या व्यवसायाची घडी पुढे कालमानाने विसकटली. वाघ, सिंह, अस्वल यांच्या खेळांवर १९९८ मध्ये शासनाने बंदी आणली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मुक्या प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. भित्तिपत्रकावरील वाघ जे सांगत नसे, ते पिंजऱ्यातील वाघ भोगत होता. मात्र दुसरा आघात जमिनीच्या भावांचा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या भागांत मोकळ्या जागेला जे मोल आले आहे, ते पाहता काही आठवड्यांसाठी मोठे मैदान अडविणाऱ्या धंद्याचा हिशेब जुळणे अवघड आहे.

तंबू गेले तरी त्यांचा इतिहास जाऊ देणे मात्र आपल्या हाती आहे. केरळने २०१० मध्ये तेल्लिचेरीत सर्कस अकादमी काढून आपले ऋण मान्य केले. महाराष्ट्रात मात्र मूळ पुरुषाचे नावही विस्मृतीत चालले आहे. चार दिवस भिंतीवर टिकावा म्हणून छापलेला कागद जपून ठेवण्याची बुद्धी फार थोड्यांना होते. संस्थानिकांच्या सनदा आपण दप्तरखान्यात जतन करतो. तिकिटाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कर्तृत्वाचे कागदही त्याच योग्यतेचे आहेत. जुन्या छापखान्यांच्या अडगळीत आणि घराघरांच्या पेट्यांत जे उरले असेल, ते ग्रंथालयांनी व संग्रहालयांनी वेळीच मिळविले पाहिजे.