वृद्धांची माउली : संत झान जुगां

कोकणातील कर्ती मुले चाकरीनिमित्त मुंबईस जातात आणि वृद्ध मातापितर घरी मागे राहतात, हे चिपळूणकरांस सांगावयास नको. म्हणून वृद्धसेवा हेच ज्या साध्वीने जन्माचे व्रत मानिले, तिचे चरित्र या महोत्सवी स्मरणिकेत देणे उचित होय.

झान जुगां हिचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्स देशी, ब्रिटनी प्रांतातील कांकाल या कोळ्यांच्या गावी झाला. पिता दर्यावर गेला तो परतलाच नाही. झान परक्यांच्या घरी स्वयंपाकास व पुढे रुग्णालयात चाकरीस राहिली. सन १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका अंध व अर्धांगवायू झालेल्या निराधार वृद्धेस घरी आणिले, आपला बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर निजू लागली. मागोमाग दुसरी वृद्धा आली. सोबतिणी मिळाल्या व त्यातूनच ‘गरिबांच्या लहान भगिनी’ हा धर्मसंघ उदयास आला.

आश्रयास आलेल्या पुष्कळ वृद्धा पूर्वी भिक्षेवर जगत. पुन्हा त्यांना दारोदार फिरावे लागू नये म्हणून झानने टोपली स्वतःच्या हाती घेतली आणि त्यांच्या नावे ती त्याच दारांशी उभी राहिली. सन १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने पारितोषिक देऊन तिचा गौरव केला.

परंतु घरातच तिचा मान हिरावला गेला. सन १८४३ मध्ये भगिनींनी तिला पुन्हा प्रमुख निवडिले असता संघाच्या मार्गदर्शक धर्मगुरूने ती निवड रद्द केली. सन १८५२ पासून तिला मठात ठेवण्यात आले. तेथे सत्तावीस वर्षे ती अप्रसिद्ध राहिली. हीच आपली संस्थापिका, हे तरुण भगिनींस ठाऊकही नव्हते. तिने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. अखेरीस तिचीही दृष्टी मंदावली व ती इतरांच्या आधाराने वावरू लागली. २९ ऑगस्ट १८७९ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ती प्रभुचरणी लीन झाली. त्यासमयी संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या.

सन १८८२ मध्ये या भगिनी कलकत्त्यास आल्या. पुढे मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धगृह झाले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी झानला संतपद दिले.

वाचकहो, मनीऑर्डरने वृद्धांचे पोट भरेल. पण उशाशी बसणारे माणूस तिने येत नाही. आपल्या आळीत असा एखादा वृद्ध एकटा असेल, तर त्याच्या दारी जाण्याची सद्बुद्धी प्रभू आपणांस देवो.