टेबलं मांडणारा पायलट

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये पहिल्यांदा लायब्ररीचं मॉडेल काढायला सांगतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो, कोड कधी लिहायचा? पुस्तक, सभासद असे चौकोन काढा, मधे रेघा ओढा, मग टेबलं, मग नॉर्मलायझेशन. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या जर्नलमधून उतरवलं की सुटलो! पण ज्यांनी ही टेबलं दिली, त्या एडगर कॉड यांना ती स्वतःच्याच कंपनीच्या गळी उतरवायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. सात भावंडांत ते धाकटे. आई शिक्षिका, वडिलांचा चामड्याचा धंदा. ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे पायलट झाले. युद्धानंतर परत येऊन शिक्षण पूर्ण केलं, १९४८ मध्ये अमेरिका गाठली आणि पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये लागले.

माणूस स्वभावानं ताठ. सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे ससेमिरा लावला, तेव्हा संतापलेले कॉड १९५३ मध्ये अमेरिका सोडून कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले. मिशिगन विद्यापीठातून पीएचडी मिळवली ती १९६५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर!

मग ते आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आले. तेव्हा मोठ्या कंपन्यांचा डेटा बऱ्याचदा झाडाच्या फांद्यांसारखा साठवलेला असे. आपल्या लायब्ररीचंच बघा. प्रत्येक सभासदाच्या फांदीवर त्याची पुस्तकं लावली, तर एखाद्या सभासदाकडे काय काय आहे हे पटकन कळेल. पण एखादं पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायचं तर सगळ्या फांद्या धुंडाळा. माहितीपर्यंतची वाट प्रोग्रामरला ठाऊक हवी, आणि साठवण्याची पद्धत बदलली की प्रोग्रामही बदलायचे.

कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात वेगळाच मार्ग सुचवला. माहिती साध्या टेबलांत मांडा आणि टेबलं एकमेकांशी जोडा ती त्यातल्या मूल्यांवरून. काय हवं ते माणसानं सांगावं, कसं शोधायचं ते मशीननं बघावं. आधार होता गणितातल्या संचांचा. नॉर्मलायझेशनही त्यांचंच. पुस्तक देताना दर नोंदीत सभासदाचा फोन नंबर लिहिला आणि तो बदलला, तर वीस ठिकाणी दुरुस्ती. एक जागा राहिली की एकाच माणसाचे दोन नंबर! म्हणून नंबर लिहायचा फक्त सभासदाच्या टेबलात, एकदाच.

कल्पना भारी, पण आयबीएमचं झाडाच्या पद्धतीवरचं प्रॉडक्ट जोरात खपत होतं. चालती गाडी कोण थांबवणार? टेबलांची पद्धत खूप हळू चालेल असंही अनेकांना वाटत होतं. कॉड गप्प बसले नाहीत. जाहीर वाद घातले, थेट ग्राहकांशी बोलले. सॅन होजेतच सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून आज आपण शिकतो ती एसक्यूएल आली. गंमत म्हणजे ती कॉड यांनी बनवलेली नाही, आणि तिच्यातल्या त्रुटींवर ते पुढे सडकून टीका करत राहिले.

निबंध तर सगळ्यांसाठी खुला होता. बर्कलेच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तो वाचून इन्ग्रेस ही सिस्टिम उभी केली. पुढे ओरॅकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं १९७९ मध्ये आपलं प्रॉडक्ट बाजारात आणलंसुद्धा. आयबीएमचं आलं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे प्रत्येकच कंपनी आपलं प्रॉडक्ट रिलेशनल असल्याचं सांगू लागली. तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी खरं-खोटं तपासायला बारा नियम दिले. मोजणी शून्यापासून, म्हणजे खरे तेराच! १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पुढच्या सबमिशनला चौकोन काढाल, तेव्हा एवढंच विचारा. उद्या एका सभासदाचा नंबर बदलला, तर माझ्या मॉडेलमध्ये तो किती ठिकाणी बदलावा लागेल? उत्तर एकापेक्षा जास्त आलं, तर खोडरबर हाताशी ठेवा. कोड नंतर लिहिता येईल.