नरवीर तानाजी मालुसरे आणि कोंडाण्याचा कडा



आपल्या तुळिंज गांवाच्या पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग उभी आहे. पावसाळा सरला, आकाश निवळलें आणि त्या डोंगराचे काळे कडे उन्हांत स्पष्ट दिसूं लागले, म्हणजे वरच्या वर्गांतील मुलें दर वर्षीं मजकडे येतात आणि प्रस्तरारोहणाच्या सहलीची मागणी करतात. त्यांत दोन-चार मुलें अशीं असतात कीं ज्यांनीं पूर्वीं कडे चढलेले असतात. बाकीच्यांनीं घराच्या जिन्यापलीकडे कांहीं चढलेलें नसतें. पहिल्यांस वाटतें, हे नवशिके आपणांस अडखळण होतील. दुसऱ्यांस वाटतें, आपण मागें पडलों तर आपली फजिती होईल. आणि पालक विचारतात, आमचें मूल धडपणें घरीं येईल ना? या तिन्ही प्रश्नांचा विचार करीत असतां मला एका थोर पुरुषाचें चरित्र वारंवार आठवतें. त्याचें नांव तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या पराक्रमामागें केवढी योजना होती, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून तें चरित्र आज या दृष्टीनें सांगण्याचें योजिलें आहे.

तानाजी मालुसरे हा शिवाजी महाराजांचा जिवलग सहकारी होता. रायगड जिल्ह्यांतील पोलादपूर तालुक्यांत उमरठें म्हणून गांव आहे. तें त्याचें गांव. महाबळेश्वराच्या डोंगराखालचा हा मुलूख दऱ्याखोऱ्यांचा व दाट रानाचा. अशा मुलुखांत वाढलेल्या माणसास चढण म्हणजे कांहीं विशेष वाटत नाहीं; गुरें राखावयाचीं तरी चढावें लागतें आणि शेजारच्या गांवीं जावयाचें तरी चढावें लागतें. महाराजांच्या मावळ्यांचें बळ यांतच होतें. सपाटीवर मोंगलांचें घोडदळ भारी. पण कड्यावर घोडा काय करणार? तेथें पायाची बोटें, हाताची पकड आणि छातींतील दम यांचाच उपयोग. सभासदानें आपल्या बखरींत तानाजीस मावळे लोकांचा हजारी म्हटलें आहे. म्हणजे हजार माणसांचा भार त्याच्या शब्दावर असे.

त्याच्या स्वभावाची ओळख पटविणारा एक प्रसंग १६६१ सालचा आहे. महाराजांनीं कोंकणांत स्वारी केली, तेव्हां संगमेश्वर येथें तानाजी व पिलाजी नीळकंठराव यांस ठेविलें होतें. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यानें एके रात्रीं त्यांच्यावर अकस्मात् हल्ला केला. अंधारांत गोंधळ उडाला आणि पिलाजीचा धीर सुटून तो पळूं लागला. तानाजीनें त्यास धरून आणिलें, एका मोठ्या दगडाशीं दोरानें बांधून टाकिलें, आणि स्वतः पुढें होऊन शत्रूस परतविलें. कवींद्र परमानंदानें ही हकीकत आपल्या शिवभारतांत नमूद केली आहे. मुलें ही गोष्ट ऐकून हंसतात. पण तिच्यांत मोठें मर्म आहे. तानाजीनें भ्यालेल्या सोबत्यास शिव्या देऊन सोडलें नाहीं, कीं त्याच्या मागोमाग स्वतः पळाला नाहीं. त्यानें त्याला बांधलें, म्हणजे एका अर्थानें राखलें, आणि त्याच्या वांट्याचें काम आपल्या अंगावर घेतलें. दोराचा असा उपयोग करणारा पुरुष पुढें दोरावरच अमर व्हावा, हा योग विलक्षण खरा.

आतां कोंडाण्याकडे वळूं. १६६५ सालीं पुरंदरचा तह झाला आणि महाराजांस तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले. त्यांत कोंडाणा होता. पुणें प्रांतावर नजर ठेवणारा हा गड, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० फूट उंच. १६७० च्या आरंभीं महाराजांनीं गेलेले किल्ले परत घेण्याचें मनावर घेतलें, तेव्हां कोंडाण्याची कामगिरी तानाजीनें आपण होऊन पत्करली. पोवाड्यांत असें गायिलें जातें कीं त्या वेळीं त्याच्या घरीं मुलाचें, रायबाचें, लग्न होतें, आणि तें बाजूस ठेवून तो निघाला. गडावर मोंगलांच्या वतीनें उदयभान राठोड हा शूर रजपूत किल्लेदार होता. दरवाजावर कडक पहारा. समोरून जाणें म्हणजे माणसें फुकट मारणें.

येथें तानाजीची योजना पाहा. त्यानें वाट निवडली ती दरवाजाची नव्हे, कड्याची; जो कडा आज डोणागिरीचा कडा म्हणून दाखविला जातो. तो इतका उभा कीं तेथून कोणी येईल ही शंकाही पहारेकऱ्यांस नव्हती. वेळ निवडली ती माघ महिन्याची. त्या दिवसांत सह्याद्रीचा खडक कोरडा असतो, शेवाळ वाळलेलें असतें आणि पाय घसरण्याची भीति कमी असते. तिथि वद्य नवमीची. त्या तिथीस चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणून पूर्वरात्रीं गडाच्या पायथ्याशीं पोहोंचावयास अंधाराचा आडोसा मिळतो. तो दिवस ४ फेब्रुवारी १६७० चा होता.

मग चढावयाचें कसें? सर्वांनीं एकदम कड्यास भिडावें, असें त्यानें केलें नाहीं. मावळे सारेच डोंगरांत वाढलेले खरे. पण उभ्या कड्यावर, रात्रीं, हत्यारांसह चढणें सर्वांस साधणारें नव्हतें. सभासद सांगतो कीं तानाजीनें दोन चांगले मावळे निवडले आणि ते वानरांसारखे चपळाईनें कडा चढून गेले. वर जाऊन त्यांनीं दोराची शिडी, जिला त्या काळीं माळ म्हणत, ती लाविली. आणि मग तिच्या आधारानें तीनशें माणूस वर आलें. त्या तीनशेंत स्वतः तानाजीही होता. सरदार झाला म्हणून त्यानें पहिला मान मागितला नाहीं. ज्याला जें उत्तम येतें त्यास तें करूं द्यावें, आणि आपण त्याच्या दोरावर विश्वासानें चढावें, एवढा मोठेपणा त्याच्या ठायीं होता.

मुलांनो, तुम्हांस यशवंती घोरपडीची कथा अधिक आवडते, हें मी जाणतों. घोरपडीच्या कमरेस दोर बांधून तिला कड्यावर सोडली, ही कल्पना शाहिरांनीं मोठ्या रसाळपणें रंगविली आहे, आणि पोवाड्यांत ती शोभतेही. परंतु सभासदाच्या बखरींत घोरपड नाहीं; तेथें माणसें आहेत. घोरपड भिंतीस घट्ट बिलगते हें खरें. पण ती नेमकी कोठें थांबेल आणि केव्हां पकड सोडील, याचा भरंवसा कोणी द्यावा? तीनशें जिवांचा भार शहाणा सेनापति अशा भरंवशावर टाकणार नाहीं. त्या दोन मावळ्यांचीं नांवें सभासदानें दिलेलीं नाहींत. वरून आधार नाहीं, खालीं काळोखी दरी, हाताखालीं थंडगार पाषाण. अशा स्थितींत ते पुढें गेले, केवळ मागून येणाऱ्यांस आधार मिळावा म्हणून. घोरपडीस दिलेला मान खरा पाहतां त्या दोन निनांवी माणसांचा आहे.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. गडावर चाहूल लागली, रजपूत सावध झाले आणि घनघोर युद्ध जुंपलें. तानाजी व उदयभान यांची गांठ पडली. तानाजीची ढाल तुटली, तेव्हां त्यानें डाव्या हाताचीच ढाल करून त्यावर वार झेलले. अखेर दोघेही एकमेकांच्या वारांनीं धारातीर्थीं पडले. आपला सरदार पडला हें पाहून मावळ्यांचा धीर खचला आणि ते ज्या वाटेनें आले त्या कड्याकडे धांवूं लागले. त्या क्षणीं तानाजीचा भाऊ सूर्याजी पुढें झाला. परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं त्यानें कड्यावरचे दोर तोडून टाकिले, आणि परतीची वाट उरली नाहीं असें सर्वांस बजावून त्यांस पुन्हां लढावयास उभें केलें. गड हस्तगत झाला. पागेच्या छपरांस आग लावून खूण केली गेली आणि तो उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला. विजयाच्या आनंदावर तानाजीच्या मृत्यूचें दुःख पडलें. या सिंहासारख्या वीरावरून गडाचें नांव सिंहगड पडलें, असें लोक सांगतात. तथापि तें नांव त्यापूर्वींच्या पत्रांतही आढळतें, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. नांव आधींचें असो वा नंतरचें, तें सार्थ केलें तानाजीनेंच. त्याचा देह ज्या घाटानें कोंकणांत नेला त्यास मढे घाट म्हणतात, अशी परंपरा आहे. आणि उमरठ्यास त्याची समाधि आहे.

या चरित्रांतील शेवटचा भाग मला नेहमी विचार करावयास लावतो. योजना इतकी चोख असूनही, एक माणूस पडतांच सर्वांचा धीर सुटला. सूर्याजी नसता तर काय झालें असतें? यावरून हें दिसतें कीं कड्यावर जाणाऱ्या तुकडीस एक नायक पुरत नाहीं. त्याच्या मागें दुसरा तयार असावा लागतो.

याच विषयाची दुसरी एक गोष्ट दूर देशची आहे. ती दुःखाची आहे, पण सांगितली पाहिजे. १४ जुलै १८६५ रोजीं युरोपांतील आल्प्स पर्वताच्या मॅटरहॉर्न या शिखरावर प्रथमच माणसें चढलीं. एडवर्ड व्हिंपर नांवाच्या इंग्रज चित्रकोरक्याच्या तुकडींत सात जण होते. त्यांत चार्ल्स हडसन हे अनुभवी गिर्यारोहक पाळकसाहेब होते आणि हॅडो नांवाचा एकोणीस वर्षांचा, अशा कामांत नवखा तरुणही होता. शिखर सर झालें. पण उतरतांना हॅडोचा पाय घसरला. तो पुढच्या वाटाड्यावर आदळला, आणि एकाच दोरास बांधलेले चौघे खालीं ओढले गेले. मधला दोर तुटला, म्हणून वरचे तिघे वांचले. तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या दोरांत सर्वांत कमजोर होता. चौघांपैकीं कोणीही भित्रा नव्हता. धैर्य सर्वांजवळ होतें. उणीव होती ती कोणाच्या पुढेंमागें कोण असावें आणि कोणता दोर कोठें वापरावा, या विचाराची.

आतां आपल्या सहलीकडे येऊं. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे नियम आपोआप दिसूं लागतात. ऋतु कोरडा निवडावा. पावसाळ्यांत आणि त्यानंतर कांहीं दिवस आपला काळा खडक निसरडा असतो. तुंगारेश्वराचें रान हें अभयारण्य आहे, तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. कड्यास आग्या मोहोळ आहे काय, दगड सुटे आहेत काय, हें जाणत्या माणसानें आधीं जाऊन पाहावें. नवशिक्यांसाठीं लहान कडा आणि सरावलेल्यांसाठीं मोठा कडा, असे दोन नेमावे. एकाच कड्यावर दोघांची परीक्षा पाहूं नये. सरावलेल्यांनीं आधीं वर जाऊन दोर भक्कम बांधावा, आणि नवशिक्यानें वरून दुसऱ्यानें धरलेल्या दोरावांचून जमीन सोडूं नये. प्रत्येक दोर आदल्या दिवशीं हातानें चांचपून पाहावा. शंका आली तर तो घरीं ठेवावा. शिरस्त्राण सर्वांनीं घालावें. चढतांना दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन नेहमीं खडकास टेकलेले असावेत. उतरणीस चढणीइतकाच वेळ व लक्ष द्यावें. नायकाबरोबर उपनायक नेमावा. ज्याला भीति वाटते त्यानें ती बोलून दाखवावी, आणि इतरांनीं हंसूं नये. सूर्याजीनें दोर तोडले ते रणांत. सहलींत परतीचा दोर सर्वांत आधीं जपावा, आणि आकाश बदललें किंवा वेळ टळली तर अर्ध्या वाटेवरून माघारीं फिरण्यांत कमीपणा मानूं नये.

सरावलेल्या मुलांस मला विशेष सांगावयाचें आहे. तुमचें कौशल्य तुमच्या मिरवणुकीसाठीं नाहीं. पवित्र शास्त्रांत योनाथानाची कथा तुम्हीं वाचली आहे. मिखमाशाच्या खिंडींतील सुळक्यावर तो हातापायांनीं चढून गेला आणि त्याच्या मागें त्याचा शस्त्रवाहक गेला. त्याच्या चढण्यानें लपून बसलेल्या साऱ्या लोकांस धीर आला. पौलानें रोमकरांस लिहितांना बलवानांवर दुर्बळांचें जें ओझें टाकिलें आहे, तेंही हेंच. कड्यावर तुकडीचें बळ सर्वांत चपळ मुलावरून मोजलें जात नाहीं. सर्वांत कच्चा मुलगा किती सुखरूप वर आला आणि किती सुखरूप खालीं आला, यावरून तें मोजलें जातें.

अस्तु. पुढच्या माघांत, ईश्वरकृपेनें, आपण सहलीस जाऊं. पालकांनीं निश्चिंत मनानें परवानगी द्यावी, अशी तयारी आधीं करूं. आणि वरून दोर खालीं येईल तेव्हां तो हातीं घेण्यापूर्वीं क्षणभर त्या दोन मावळ्यांचें स्मरण करा. त्यांचीं नांवें आपणांस सांगतां येत नाहींत. पण त्यांच्या आधारानें तीनशें माणूस वर चढलें.