हैबतबाबांची बदललेली वाट

आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकीचा सोहळा तिच्या पूजेनेच सुरू होतो. पण बाबा कोण होते हे आपल्या दिंडीतल्या पुष्कळ लेकरांना ठाऊक नसते, म्हणून आम्ही लिहितो.

बाबा सातारा भागातल्या आरफळचे, पवार देशमुखांच्या घरचे. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी होते. कमाई घेऊन गावाकडे निघाले, तर सातपुड्यात लुटारूंनी धरले आणि गुहेत कोंडून तोंडाला धोंडा लावला. बाबा आत हरिपाठ म्हणत राहिले. एकवीस दिवसांनी सुटले असे जुने लोक सांगतात. मंग माणूस कुठे जाईल? घरीच ना. बाबा मात्र आरफळचा रस्ता सोडून आळंदीला आले आणि तिथलेच झाले.

तेव्हा माउली आणि तुकोबा, दोघांच्या पादुका एकाच पालखीत जात. ती चाल तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी 1685 साली पाडली होती. पुढे मानावरून घरात वाद लागला. वाद मिटेल तेव्हा मिटेल म्हणून बाबा बसून राहिले नाहीत. 1832च्या सुमारास त्यांनी माउलींची पालखी वेगळी काढली. घोडे, तंबू कुठून आणावे? ते अंकलीच्या शितोळे सरकारांनी दिले. आजही घोडे तिथूनच येतात.

फौजेतला माणूस, म्हणून शिस्तही तशीच लावली. आम्हाला त्यातली समाजआरती फार मोठी वाटते. मुक्कामावर दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदारांनी दंड वर केला की टाळ बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवतच राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, मंगच आरती.

आमच्यावर एका साली असाच प्रसंग आला. मृग कोरडा गेला, टोबलेली पऱ्हाटी निघालीच नाही, अन् अर्ध्या वाटेवर निरोप आला की गावाकडे पाऊस झाला. दुबार पेरणीला परतावे तर वारी मोडते, न परतावे तर वावर पडीत. भांडण लागले. परतेल त्याला वारकरी म्हणायचे नाही, असे आम्हीच तावातावाने बोललो. एक म्हातारे माळकरी टाळ वाजवतच राहिले, थांबेचनात. शेवटी ऐकावे लागले. ज्यांच्या घरी पेरणारे कोणी नव्हते ते एस.टी.ने गेले, पेरणी करून दशमीला पंढरपुरात येऊन मिळाले.

2020 साली महामारीत खुद्द माउलींच्या पादुका 30 जूनला एस.टी.ने पंढरीला गेल्या. त्या दिवशी आम्हाला आमचे ते बोलणे आठवले.