तुकोबांचे अभंग आणि सालोमालो

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची रांग निगडीपाशी संपते असे वाटत असतानाच देहूचा फाटा येतो. इंद्रायणीच्या काठचे हे गाव आज शहराला जवळजवळ येऊन चिकटले आहे. महामार्गालगतचा घोराडेश्वर, नदीपलीकडचा भंडारा आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र हे तीन डोंगर म्हणजे तुकोबांच्या एकांताची ठिकाणे. त्यांतील भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत आता चाकणची औद्योगिक वसाहत पोहोचली आहे. सतराव्या शतकात या टापूत कारखाने नव्हते, पण बाजार होते. चाकणला किल्ला होता, पेठ होती. देहूलाही लहानशी पेठ होती आणि तिची महाजनकी ज्या घराकडे वंशपरंपरेने चालत आली होती, त्या घरात तुकारामांचा जन्म झाला.

जन्मशकाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हे साल सर्वसाधारणपणे मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. कुळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणबी आणि व्यवसाय वाण्याचा. घरात विठ्ठलाची उपासना पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली. सावजींचे मन संसारात नव्हते, त्यामुळे दुकान, शेती आणि सावकारी यांचा भार कोवळ्या वयातच मधल्या मुलावर पडला. तुकारामांची दोन लग्ने झाली. पहिली पत्नी रखुमाई दम्याने आजारी असे. म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची कन्या जिजाई दुसरी पत्नी म्हणून घरात आली. पुढे सतरा-अठराव्या वर्षी आईवडील गेले, सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेले.

त्यानंतर दुष्काळ आला. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेला हा दुष्काळ इतिहासात भीषण म्हणून नोंदला गेला आहे. महाजनाच्या घरातील धान्य संपले, कुळांकडे गुंतलेले पैसे बुडाले, दिवाळे निघाले. रखुमाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतोबाही गेला. आपल्या आयुष्याचा हा भाग तुकोबांनी पुढे एका आत्मपर अभंगात स्वतःच सांगितला आहे, आणि तो सांगताना कोणाला दोष दिलेला नाही. मान गेला, धंदा बसला, लोकांत लाज वाटू लागली, एवढेच ते नमूद करतात.

या काळातील व्यापाराच्या कथा महिपतींनी सांगितल्या आहेत. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेले. त्या कथांकडे इतिहास म्हणून पाहता येणार नाही. तरीही लोकांच्या आठवणीत हा दुकानदार कसा राहिला, ते त्यांतून कळते. मिरच्यांच्या गोण्या घेऊन तुकोबा कोकणात गेले आणि गिऱ्हाइकांना माप त्यांच्याच हाती देऊन बसले. ज्याला हवे तेवढे त्याने नेले. परतताना एका भामट्याने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी त्यांच्या गळ्यात मारली. जिजाईने स्वतःच्या नावे खत लिहून दोनशे रुपये उभे करून दिले. त्यांचे मीठ घेऊन विकले, अडीचशे झाले आणि ते सगळे वाटेत कर्जापायी अडकलेल्या एका ब्राह्मणाला देऊन तुकोबा रिकाम्या हाताने घरी आले. या कथा ऐकताना श्रोते हसतात. जिजाईच्या चुलीपाशी त्या हसण्यासारख्या नव्हत्या. कजाग बायको म्हणून तिची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्यात हा हिशेब सहसा धरला जात नाही.

दिवाळ्यानंतर तुकोबा भामचंद्रावर जाऊन बसले. कान्होबांनी त्यांना शोधून आणले, तेव्हा इंद्रायणीच्या काठी एक व्यवहार झाला. घरात लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. त्यांचे दोन वाटे करण्यात आले. कान्होबांचा वाटा त्यांना देऊन स्वतःचा वाटा तुकोबांनी नदीत सोडला. ज्या कुळांचे कागद बुडाले, ती देणेमुक्त झाली. स्वतः बुडालेल्या सावकाराने दुसऱ्यांचे देणे असे बुडवावे, हे विलक्षण होते. त्यानंतर त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले, पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. कवित्व नंतर आले. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि आपले अपुरे राहिलेले अभंग पुरे करण्यास त्यांनी सांगितले, असे तुकोबांनीच लिहून ठेवले आहे. बाबाजी चैतन्य यांचा उपदेशही माघ शुद्ध दशमीच्या दिवशी स्वप्नातच मिळाला.

आता हा माणूस काय करीत होता, ते नीट पाहिले पाहिजे. देहू, लोहगाव, तळेगाव, कडूस, चाकण या गावांत भजन करणारी मंडळी होती. कोणी तेली, कोणी कासार, कोणी ब्राह्मण. दिवसभर आपापला धंदा करावा, रात्री टाळ घेऊन जमावे, असा हा परिपाठ. त्यात तुकोबांचे अभंग म्हटले जात, ऐकले जात, पाठ होत आणि पुढच्या गावाला जात. बहिणाबाईंनी ते प्रथम ऐकले ते कोल्हापुरात, जयरामस्वामींच्या कीर्तनात. तोवर त्यांनी तुकोबांना पाहिलेही नव्हते. छापखाना नव्हता, ग्रंथाचा व्यापार नव्हता. अभंग कोणाचा, हे सांगणारी एकच खूण होती, ती शेवटच्या चरणातील नाममुद्रा. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द म्हणजे जणू मालावरचा शिक्का. तो पुसला की माल कोणाचाही.

आणि तो पुसणारा निघाला. त्याचे नाव सालोमालो. परंपरेनुसार तो देहूच्याच परिसरातील एक कीर्तनकार होता. तुकोबांचे अभंग घ्यावेत, त्यांतील तुकोबांचे नाव काढावे, आपले घालावे आणि ते आपलेच म्हणून लोकांपुढे गावेत, असा त्याचा उद्योग. त्याच्याविषयी याहून अधिक खात्रीने सांगण्यासारखे फार थोडे आहे. पण त्याचे नाव खुद्द गाथेतील अभंगात आले आहे, त्यामुळे तो केवळ कथेकऱ्यांच्या कल्पनेतला नव्हे. त्या अभंगातील क्रियापदे अनेकवचनी आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. असा उद्योग करणारा एकटा सालोमालो नसावा.

ज्या माणसाने मिरच्यांच्या गोण्या लुटू दिल्या आणि कर्जखते पाण्यात सोडली, तो ही चोरी मुकाट्याने सोसेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. शिवाय कवित्वावर आपला हक्कही तुकोबा सांगत नव्हते. भांडार धन्याचे आहे, आपण केवळ ओझे वाहणारे हमाल आहोत, अशीच त्यांची भूमिका होती. पांडुरंग बोलवतो ते आपण बोलतो, असे त्यांनी वारंवार म्हटले आहे. मग मालावर शिक्का कोणाचा, याने हमालाला काय फरक पडावा? तरीही तुकोबा चिडले आणि त्यांनी सालोमालोला नाव घेऊन फटकारले.

त्यांच्या रागाचे कारण अभंगातच आहे. दुसऱ्याचे ते आपले म्हणणे हा आक्षेप त्यात आहेच. पण अधिक जोर आहे तो मोडतोडीवर. संतांची वचने मोडून त्यांचे स्वतःसाठी दागिने घडवले जातात, आणि असे करणारे स्वतःला हरीचे दास म्हणवतात, म्हणून सगळ्याचा नाश होतो, असा त्यांचा आरोप आहे. ही वाण्याची तक्रार आहे. माल फुकट नेला तर त्याचे काही नाही, पण मालात भेसळ करून तोच चोख म्हणून विकला तर सगळ्या पेठेचा विश्वास उडतो. त्यात कीर्तनाच्या बिदागीचाही प्रश्न होता. कीर्तन केले त्या घरी जेवू नये, त्याचे द्रव्य घेऊ नये, असा नियम तुकोबांनी घालून दिला होता. त्यांनी जे फुकट वाटले, त्याच्यावर दुसऱ्याने पोट भरावे, हे त्यांना रुचणे शक्य नव्हते. राग हा संतपणाला कमीपणा आणणारा वाटल्यामुळे असेल, भाविक चरित्रांत या प्रसंगावर फार काळ कोणी रेंगाळत नाही.

तुकोबांना छळणारे आणखीही होते. देहूतील मंबाजी गोसाव्याने त्यांना काटेरी फोकांनी मारले. त्याच रात्री तो कीर्तनाला आला नाही, म्हणून तुकोबा त्याला बोलावण्यास गेले, असे सांगतात. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप अधिक गंभीर होता. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगावा, हेच त्यांना अमान्य होते. परिणामी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी ज्या नदीत स्वेच्छेने कर्जखते सोडली, तिच्यातच आता आयुष्याची कमाई गेली. तुकोबा काठावरच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. बहिणाबाईंच्या अभंगांतही त्या तेरा दिवसांचा उल्लेख आहे. अनेकांनी या प्रसंगाचा अर्थ असा लावला आहे, की कागद गेले तरी अभंग गावोगावच्या टाळकऱ्यांना पाठ होते आणि ते त्यांच्या मुखातून परत आले. तसे असेल तर सालोमालोच्या हाती अभंग ज्या वाटेने लागले, त्याच वाटेने ते वाचले. रामेश्वर भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले.

टाळकरी चौदा होते असे मानतात. त्यांपैकी दोघांच्या हाती लेखणी होती. कडूसचे गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे. संताजी तेली. घाणा फिरवून तेल काढायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा. तुकोबांसारखेच लहान विक्रेते. पेठेत तोलूनमापून माल देणाऱ्या या माणसाने अभंगही तसेच तोलून उतरवून घेतले. सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. सालोमालोने ज्यातून नाव पुसले, तेच संताजींनी नावानिशी लिहून ठेवले. दोघेही एकाच भजनपरंपरेतले आणि एकाच पंचक्रोशीतले, हे विसरता येत नाही.

फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांचे निर्याण झाले. ते साल बहुतेक अभ्यासक १६५० धरतात. सदेह वैकुंठगमनाची श्रद्धा वारकऱ्यांत आहे आणि घात झाल्याची शंका घेणारेही आहेत. तो वाद येथे मिटणारा नाही. वय बेचाळीसच्या आसपास.

मृत्यूनंतर चोरीची दिशा उलटी झाली. सालोमालोने तुकोबांचे नाव काढले होते. आता इतरांनी आपल्या रचनांना ते नाव जोडण्यास सुरुवात केली, कारण त्या नावाशिवाय कोणी ऐकेना. कान्होबांनी आपल्या अभंगांत तुकयाबंधु अशी वेगळी मुद्रा ठेवण्याचा प्रामाणिकपणा दाखवला. सगळ्यांनी तो दाखवला नाही. मुंबई सरकारने २४ हजार रुपये मंजूर केल्यावर इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये गाथेचे दोन खंड निघाले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या संपादकांपुढे देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. साडेचार हजारांहून अधिक अभंगांतील खरे कोणते, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये जो गाथा ‘अस्सल’ म्हणून प्रसिद्ध केला, त्याचा आधार संताजींच्या घराण्यात जपलेल्या वह्या हा होता. त्या वह्यांतील अक्षर कोणाचे, यावरही पुढे वाद झालेच. तरीही पाठ तपासायचा झाला, की अभ्यासकाला चाकणच्या तेल्याच्या दारी यावे लागते.

सालोमालो मात्र घराघरात पोहोचला तो चित्रपटामुळे. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला. त्यात मंबाजीचे दुष्टपणही सालोमालोच्याच पदरी टाकलेले आहे, आणि तुकारामानेच आपले अभंग चोरले, असा कांगावा तो करतो. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीजाच्या दृष्टान्ताचे एक पद लिहिले. ते इतके बेमालूम उतरले, की पुष्कळांनी ते गाथेतलेच मानले, आणि आजही अनेक ठिकाणी ते तुकोबांचा अभंग म्हणूनच गायिले जाते.