जाक मोनो

जाक ल्युसियें मोनो (९ फेब्रुवारी, १९१० - ३१ मे, १९७६) हे फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. जीवाणूंच्या वाढीचा वेग पोषक द्रव्याच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो, हे त्यांनी गणिती सूत्रात मांडले. १९६५ साली फ्रांस्वा जाकोब व आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

मोनो यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, तर आई अमेरिकन होती. १९३६ साली ग्रीनलंडच्या मोहिमेवर जाण्याऐवजी ते अनुवंशशास्त्र शिकण्यासाठी कॅलिफोर्नियास गेले. त्या मोहिमेचे जहाज परतीच्या वाटेवर आइसलँडजवळ बुडाले आणि एक खलाशी वगळता सर्वजण मृत्युमुखी पडले.

जीवाणूंच्या वाढीवरील संशोधन

आरंभी मोनो पक्ष्माभिकायुक्त आदिजीवांवर काम करीत. ल्वॉफ यांच्या सल्ल्यावरून ते 'एश्चेरिचिया कोलाय' या जीवाणूकडे वळले. साध्या क्षारद्रावणात मोजकी साखर घालून, द्रावण किती गढूळ होते यावरून ते वाढ मोजत. साखर वाढवली की पेशींच्या विभाजनाचा वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर तो स्थिरावतो. हा संबंध 'मोनो समीकरण' म्हणून ओळखला जातो. सांडपाणी शुद्धीकरण व किण्वन उद्योगात तो आजही वापरला जातो.

यापेक्षा महत्त्वाचे ठरले ते आलेखातील एक अनपेक्षित वळण. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यास जीवाणू आधी ग्लुकोज संपवतात. मग वाढ काही काळ थांबते आणि त्यानंतर लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. या दुहेरी वाढीस मोनो यांनी 'डायॉक्सी' हे नाव दिले. थांबलेल्या काळात पेशी नव्या साखरेसाठी लागणारे विकर तयार करीत असावी, हे ल्वॉफ यांनी सुचवले. १९४१ साली, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, मोनो यांनी हा प्रबंध सादर केला. ल्वॉफ यांच्या आठवणीनुसार सॉर्बोनमधील वरिष्ठांना त्यात स्वारस्य वाटले नाही.

याच काळात मोनो फ्रेंच प्रतिकार चळवळीत सक्रिय होते. मुक्तीनंतर ते पाश्चर संस्थेत रुजू झाले. १९६१ साली जाकोब यांच्यासह त्यांनी 'ओपेरॉन' संकल्पना मांडली: लॅक्टोज नसताना एक दमनकारी घटक संबंधित जनुकांचे कार्य रोखतो. ग्लुकोज असताना ही जनुके का दबलेली राहतात, याचा उलगडा मात्र पुढे इतरांनी केला.

उत्तरायुष्य

१९७० साली त्यांचा 'योगायोग आणि अपरिहार्यता' हा तत्त्वचिंतनात्मक ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. १९७१ पासून ते पाश्चर संस्थेचे संचालक होते. कान येथे त्यांचे निधन झाले.