फाळणी आणि बाबासाहेब

ठाकूरद्वारहून फोर्टात गेलात तर सिद्धार्थ महाविद्यालय मुलांना अवश्य दाखवा. परमपूज्य बाबासाहेबांनी हे महाविद्यालय १९४६ साली सुरू केले.

त्याच वर्षी घटना समितीची निवडणूक झाली. मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाचे बळ नव्हते. बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट करून त्यांना तेथून निवडून आणले. पुढे बंगालचीच फाळणी ठरली व ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये मुंबईने त्यांना पुन्हा पाठविले. मंडल पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले. पण १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले.

पाकिस्तानात राहिलेल्या आपल्या बांधवांचे काय झाले? सफाईचे काम कोण करणार, म्हणून तेथील सरकार त्यांना सोडीना. धर्म बदलण्याची सक्ती होऊ लागली. इकडे पोहोचलेल्यांना निर्वासितांची मदतही धड मिळेना. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना जाहीरपणे कळविले, की मिळेल त्या मार्गाने भारतात या, जीव वाचविण्यासाठी धर्म बदलू नका. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांना आम्ही पूर्वीसारखेच बांधव मानू. डिसेंबरात त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हे सारे हाल मांडले.

वाचकहो, १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा करूनही बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म घेतला. भीतीने घेतलेला धर्म आणि समजून घेतलेला धम्म, यांतील अंतर तुमच्या घरातल्या मुलांना कळले पाहिजे. ते तुम्हीच त्यांना समजावून सांगा.